वाल कोणत्या वाटीत

बारकू सुभेदारांनी चहाच्या आधी वाट्या मागितल्या. चार वाट्या आणि चार वाल. संगीताला वाटलं, सुभेदार धसईहून इकडे वैशाखऱ्याला सकाळच्या एसटीनं उपाशीच निघाले असणार आणि भिडेपोटी सरळ जेवायला मागत नसणार, म्हणून तिनं वाट्यांत चमचे घालून आणले. सुभेदारांनी चमचे बाजूला काढले, वाट्या सतरंजीवर ओळीनं मांडल्या आणि तिच्या सासूबाईंच्या, गीताबाईंच्या सुपात हात घातला. गीताबाई बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी सूप जरासं आपल्याकडे ओढून घेतलं, पण तोवर सुभेदारांनी वाल उचलले होते.

"हा वाल म्हंजे आपला प्रशांत," एक वाल चिमटीत धरून ते म्हणाले. "आता बघू, हा कुठल्या वाटीत जातो."

प्रशांत खाटेवर डावा पाय लांब करून बसला होता. आपण वाल झालो याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की खुब्याचा सांधा संपला, आता बदलायचा, नाहीतर दिवाळीपर्यंत खुर्ची धरायची. खाजगीत बदलायचा तर घरातली कुवत नव्हती. फौजेची अपंगत्व पेन्शन सुरू झाली असती तर तिच्याबरोबर माजी सैनिकांचं दवाखान्याचं कार्ड मिळालं असतं आणि सांधा फुकट बसला असता. म्हणून बावीस वर्षं ज्या गोष्टीचं नाव काढू देत नव्हता, तिला प्रशांतनं या वेळी मान डोलावली होती. घरातले सगळे त्याला स्वाभिमानी समजत. श्वेताही समजत असे.

श्वेता त्याची नि संगीताची मुलगी. मुरबाडच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, घरात कुठलाही फॉर्म आला की तिच्या पुढ्यात टाकायचा असा रिवाज पडलेला. माजी सैनिकांच्या मेळाव्यात तिनंच सुभेदारांना गाठलं होतं. त्याआधी तिनं तीन आठवडे मोबाईलवर नियम वाचले होते, आणि जितकं वाचलं तितकं डोक्यात भुसकट झालं होतं. अपंगत्व पेन्शन वेगळी, युद्धजखम पेन्शन वेगळी, इनव्हॅलिड पेन्शन आणखी वेगळी. पेन्शनच्या पोटात पुन्हा सेवेचा भाग निराळा नि अपंगत्वाचा भाग निराळा. तिनं वहीत रकाने आखले होते आणि एकाही रकान्यात बापाला बसवता आलं नव्हतं.

सुभेदार शिकवायला बसले. पहिली वाटी लढाईची. सीमेवर, चकमकीत, अतिरेक्यांच्या गोळीनं जखमी झालेला जवान तिच्यात. तिसरी वाटी, म्हणजे दुसरी सोडून तिसरी, कारण दुसरीचं त्यांना नंतर सांगायचं होतं, ती आजाराची. आजार फौजेनं दिला नसेल, पण बर्फातल्या ड्युटीनं वाढवला असेल, त्याला अॅग्रावेटेड म्हणतात. चौथी वाटी फौजेशी संबंध नसलेल्याची. त्यात दहा वर्षं सेवा झाली असेल तर इनव्हॅलिड पेन्शन, नसेल तर एकदाच काय ते पैसे हातावर ठेवून रामराम.

"मी नऊ वर्षं सात महिने," प्रशांत म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य होतं.

"म्हंजे तू चौथीत. डॉक्टरांच्या बोर्डानं तुला फौजेतून काढलं, बोर्ड आऊट केलं, तेव्हाच तुला तिथं टाकलाय." सुभेदारांनी वाल चौथ्या वाटीत टाकला. तो टणकन वाजला.

मग प्रशांतच्या मोठ्या भावाचा, मुकेशचा प्रश्न आला. मुकेश जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एप्रिलमध्ये निवृत्त व्हायचा होता, आणि कुठल्याही बैठकीत एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बोर्डानं पायाचं अपंगत्व चाळीस टक्के लिहिलंय, मग पेन्शन पण चाळीस टक्केच का, असं त्यानं विचारलं. सुभेदार म्हणाले की तसं नाही, बोर्ड आऊट झालेल्याचे चाळीस असले तरी पन्नास धरतात, पन्नासच्या वरचे पंचाहत्तर धरतात. यावर संगीतानं दारातून विचारलं की मग पाय आणखी खराब दाखवायचा आहे का. सुभेदारांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांनी दुसरा वाल उचलून त्याचे दोन भाग केले, एक सेवेचा आणि एक अपंगत्वाचा, तेव्हा गीताबाईंना राहवलं नाही.

"सुभेदार, वाल मोडू नका. बिरड्यात अख्खाच लागतो."

श्वेताला हसू आलं. पण तिची नजर दुसऱ्या वाटीवर होती. ती अजून रिकामी होती आणि तिच्याबद्दल सुभेदार अवाक्षर बोलले नव्हते.

"आणि ही?" तिनं विचारलं.

"ही खरी," सुभेदार म्हणाले. "ड्युटीवर असताना झालेली इजा. अॅट्रिब्युटेबल. इथं जवान बसला की पेन्शन, कार्ड, सगळं."

"पण पप्पा सुट्टीवर होते."

"सुट्टीवर होता, बरोबर. पण सुट्टी कधी सुरू होते, ठाऊक हाय तुला? युनिटमधून निघालेला जवान घरी पोचेपर्यंत वाटेवर असतो. वाटेवरचा जवान ड्युटीवर धरतात. घरी पोचला, ट्रंक खाली ठेवली, मग त्याचं तो बघेल. तुज्या पप्पाचा अपघात घरी पोचल्यावर झाला. म्हणून चौथी वाटी."

एवढं सोपं असेल असं श्वेताला वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांचे रकाने एका उंबऱ्यावर येऊन थांबले होते. बाप उंबऱ्याच्या अलीकडे होता की पलीकडे, एवढंच काय ते.

माहितीच्या अधिकारात मागवलेली फाईल तिच्या मांडीवर होती. तिनं तीन कागद काढून सुभेदारांसमोर ठेवले. सुट्टीचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर आणि घरच्यांनी युनिटला लिहून दिलेला जबाब. सुभेदारांनी चष्मा लावला. दाखल्यावर बोट ठेवलं, मग केसपेपरवर ठेवलं, मग परत दाखल्यावर नेलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"जम्मूवरून निघाला नऊ डिसेंबरला," ते म्हणाले. "रेल्वेत दोन रात्री. दवाखान्यात भरती अकरा तारखेला, दुपारी. आणि जबाबात काय म्हणतात? घरी येऊन दोन दिवस झाल्यावर." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन दिवस घरी राहिला कधी हा?"

श्वेतानं कागद स्वतः पाहिले. हे कागद तिनं दहादा चाळले होते, टक्के पाहिले होते, शिक्के पाहिले होते. तारखांची वजाबाकी करायचं तिला सुचलं नव्हतं. बी.कॉम. झालेल्या मुलीला याची लाज वाटायला हवी होती आणि वाटलीही.

*

जबाबाचं अक्षर मुकेशचं होतं. पंचक्रोशीतले लोक लग्नपत्रिकांचे मसुदे, तक्रारअर्ज, मानपत्रं सगळं मुकेश मास्तरांकडून लिहून नेत, कारण अक्षर छापल्यासारखं. आज त्याला प्रथमच वाटलं की आपलं अक्षर इतकं ओळखू येणारं नसतं तर बरं झालं असतं.

सुभेदारांनी जबाब मोठ्यानं वाचायला सांगितला. श्वेता वाचू लागली. सदर जवान सुट्टीवर घरी आल्यानंतर दोन दिवसांनी, आपल्या नवजात कन्येच्या बारशासाठी पत्नीच्या सांगण्यावरून चांदीचे वाळे आणण्यास शहापूर येथील सराफाकडे जीपने जात असता किन्हवलीनजीक वाहन उलटून…

दारात भांडं पडलं. संगीताच्या हातातून चहाची किटली सुटली होती. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

मुकेशला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. युनिटचं पत्र आलेलं, जवान कसा जखमी झाला ते घरच्यांनी लेखी कळवावं. बा ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. बाचं म्हणणं एकच होतं, तिचं नाव कागदावर नको. मग मुकेशनं विचारलं होतं, की प्रशांत त्या रस्त्याला होता कशाला, हे काय लिहू? बा म्हणाला, काहीपण लिही. आणि मुकेशच्या खिशात तेव्हा एक चिठ्ठी होती. संगीता बाळंतपणाला धसईला माहेरी होती. तिथून तिनं प्रशांतसाठी पाठवलेली ती चिठ्ठी, बाळाला चांदीचे वाळे आणा म्हणून. ती द्यायला प्रशांत अजून घरीच आलेला नव्हता. मुकेशला वाळे आयते सापडले. मास्तर माणसाला कारण लिहायला लागतंच, आणि हे कारण किती साजरं होतं.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "हे तुमी लिवलंय?"

मुकेश म्हणाला की बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तारखेत चूकभूल झाली असेल. मग म्हणाला की केसपेपरवरची तारीख चुकली असेल. मग म्हणाला, एप्रिलमध्ये मी निवृत्त होतोय, माझी पेन्शन व्हायचीय, अशा वेळी खोटा जबाब, शपथपत्र, ही भानगड कशाला उकरायची. यातलं तिसरं वाक्य बाहेर पडल्यावर त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. भावाच्या पेन्शनसाठी बोलावलेल्या बैठकीत तो आपल्या पेन्शनवर आला होता.

"काका, खोटा म्हणजे?" श्वेतानं विचारलं.

मुकेशनं आईकडे पाहिलं. आजवर अशा प्रत्येक वेळी गीताबाईंनी विषय मोडून टाकला होता, कधी गुडघा दुखतो म्हणून, कधी भात करपला म्हणून. आताही त्या काहीतरी म्हणतील म्हणून तो वाट पाहत राहिला. गीताबाई वाल सोलत होत्या.

"आये," तो म्हणाला.

"तो घरी आलाच नव्हता," गीताबाई म्हणाल्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "वंदीला आणायला आटगावला गेलता. दोघं जीपनं येत होती."

*

वंदना कोण, हे संगीताला ठाऊक होतं, पण एखाद्या न पाहिलेल्या गावाबद्दल ठाऊक असावं इतकंच. प्रशांतची थोरली बहीण. आटगावच्या बाजूला वीटभट्टीवर काम करणाऱ्या, कातकरी वाडीतल्या सावळ्या नावाच्या माणसाशी तिनं लग्न केलं, आणि तिच्या माहेरानं, रातांब्यांच्या घरानं, तिच्या नावावर काट मारली. सासरा दर चौदा एप्रिलला स्टेजवर उभा राहून समतेवर बोलत असे आणि चांगलं बोलत असे, लोक रडायचे. पण वाडीतला जावई त्याला चालला नाही. संगीता या घरात आली तेव्हा वंदनाचा एकही फोटो भिंतीवर नव्हता.

पण आत्ता संगीताच्या डोक्यात वंदना नव्हतीच. वाळे होते.

बाळंतिणीच्या खाटेवर पडून तिनं ती चिठ्ठी लिहिली होती, पहिलटकरणीच्या हौसेनं. मग सासरा धसईला आला होता आणि म्हणाला होता, वाळे आणायला गेला नि जीप उलटली. बस, एवढंच बोलून गेला. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, तिनं भांडून घेतलं असतं. आठ महिने प्रशांत पुण्याच्या फौजी दवाखान्यात होता, मग लोखंड घातलेला पाय घेऊन घरी आला, आणि त्यानं बावीस वर्षांत वाळ्यांचा शब्द काढला नाही. संगीतानं समजून घेतलं की नवऱ्यानं आपल्याला माफ केलंय आणि म्हणून तो गप्प आहे. त्या गप्प राहण्याची परतफेड ती रोज करत आली. पहाटे उठून त्याच्या पायाला तेल चोळलं, मुरबाडला हॉटेलात पोळ्या लाटल्या, पेन्शनसाठी भांड असं त्याला एकदाही म्हटलं नाही. आपल्यामुळे गेलेला पाय, आपण कुठल्या तोंडानं बोलायचं.

श्वेताच्या पायात तिनं कधी चांदी घातली नाही. पाच वर्षांची श्वेता पैंजणांसाठी जत्रेत गडबडा लोळली होती, तरी घातली नाही.

ती प्रशांतपुढे येऊन उभी राहिली. सुभेदार बसलेत, दीर बसलेत, याचं तिला भान नव्हतं.

"मी वाळे मागितले म्हणून तुमी गेलतात ना?"

"कसले वाळे?" प्रशांत म्हणाला.

"चिठ्ठीत लिवलेले."

"मला कसली चिठ्ठी नाय मिळाली, संगी." तो खरोखरच गोंधळला होता. तो मुकेशकडे बघू लागला, मग श्वेताच्या मांडीवरच्या कागदाकडे. "मला दादानं सांगितलं, बाजाराला जाताना झालं असं सांग. माजे दोन्ही हात प्लॅस्टरमदी. अंगठा लावून घेतला. वाळ्याबिळ्याचं मला आत्ता कळतंय."

संगीता खाली बसली. रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर करावा हे कळेना. सासरा मरून सहा वर्षं झालेली. दीर समोर होता, पण तो इतका ओशाळलेला दिसत होता की त्याच्यावर चिडायला मन घेईना. सासूनं तिच्या डोळ्यांसमोर बावीस वर्षं हे पाहिलं आणि ती गप्प राहिली, हे मात्र तिला सोसलं नाही.

"आत्या, तुमाला ठाऊक होतं," ती सासूला म्हणाली. "मी जत्रेत पोरीला मारलं पैंजणांपायी. तुमी तिथं उभ्या होतात."

गीताबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांना वाळ्यांचं ठाऊक नव्हतं, असं त्या म्हणाल्या. वंदनाचं नाव कागदावर येऊ नये एवढंच त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला त्यांनी शब्द दिला होता, आणि तो मेल्यावर शब्द मोडायचा तर कुणाची परवानगी घ्यायची हे त्यांना कळत नव्हतं. संगीताला हे पटलं की नाही कुणास ठाऊक.

*

आता बोलायची पाळी प्रशांतची होती आणि त्याला बोलता येत नव्हतं. पहाऱ्याच्या पिकेटवर बारा तास एका दिशेला बघत उभं राहणं त्याला जमायचं, चार माणसांत स्वतःबद्दल बोलणं जमत नसे.

युनिटमध्ये त्याला मुलगी झाल्याची तार मिळाली तेव्हा त्यानं ठरवलं होतं की वैशाखऱ्याच्या घरी व्हायच्या बारशाला ताई आली पाहिजे. बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यापाशी वाकून कानात ती सांगते, मग बाकीच्यांना कळतं. या पोरीला एकच आत्या होती आणि ती आटगावला होती. बा तिला बोलावणार नाही हे नक्की. पण फौजेतला मुलगा ट्रंक घेऊन, वर्दीत, तिला बरोबर घेऊनच दारात उभा राहिला तर बा काय करेल? वर्दीपुढे बा कधी आवाज चढवत नसे. म्हणून कल्याणला उतरून मुरबाडची एसटी धरायच्या ऐवजी त्यानं आटगावकडे जाणारी कसाऱ्याची लोकल धरली.

हे सगळं त्यानं चार-पाच वाक्यांत सांगितलं. सुभेदार ऐकत होते.

"मग तू हे बोर्डासमोर का नाय बोललास? गाढवा, पेन्शन तिथंच होती."

"वाट सोडून गेलतो, साहेब. मला वाटलं, चार्ज लागेल, शिक्षा होईल. कल्याण ते वैशाखरे सोडून मी आटगावला काय करत होतो, विचारलं असतं." तो थांबला. "आणि बा दवाखान्यात येऊन बोललता. ताईचं नाव घेतलंस तर मला बाप म्हणू नको."

जीप उलटल्यावर ताईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं, एवढं त्याला आठवत होतं. दवाखान्यात तिनंच नेलं. बा आला आणि बानं तिला दाराबाहेर काढलं, तेव्हा प्रशांत शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आल्यावर त्यानं तिला शोधलं नाही. नंतरही शोधलं नाही. वर्षातून एकदा चौदा एप्रिलला तिचा फोन यायचा, जयभीम म्हणायची, तोही जयभीम म्हणायचा, मग दोघं गप्प आणि फोन बंद. मुकेशनं खोटं लिहिलं हे खरं, पण स्वतः आपण बावीस वर्षं त्याच खोट्याच्या सावलीत बरे बसलो होतो, हे प्रशांतला आता टोचत होतं. संगीताकडे बघायचं त्याला धाडस होईना.

सुभेदारांनी चौथ्या वाटीतला वाल काढला. पण दुसरीत टाकला नाही, हातातच ठेवला. त्यांनी समजावलं की काम सोपं नाही. घरी पोचला नव्हता ही जमेची बाजू. सरळ वाट सोडली होती ही अडचणीची. उलट असं म्हणता येईल की शहापूर, किन्हवली, सरळगाव हाही वैशाखऱ्याचाच रस्ता आहे आणि तो घराकडेच निघाला होता. अपील करावं लागेल, उशीर माफ करून घ्यावा लागेल, नाही ऐकलं तर न्यायाधिकरणात जावं लागेल. मागचं सगळं मिळत नाही, सुरू झालं तरी पुष्कळ. आणि आधीचा जबाब खोटा होता हे ज्यानं लिहिला त्यानं सांगावं लागेल.

सगळ्यांनी मुकेशकडे पाहायचं टाळलं. श्वेतानं वही उघडली आणि म्हणाली की मसुदा मी लिहिते.

"नको," मुकेश म्हणाला. "इकडे आण." त्यानं वही घेतली, खिशातून पेन काढलं. पहिली ओळ त्याच्या अक्षरात आलीच नाही, वाकडी आली. "माजी पेन्शन अडली तर अडली. संगीता, तुज्याकडे मी तोंड दाखवायला जागा ठेवली नाय. हे तरी लिवू दे."

संगीतानं उठून त्याच्यापुढे पाट सरकवला, वही टेकवायला.

"साक्षीदार?" सुभेदारांनी विचारलं. "जीपमदली बाई जिती हाय ना?"

प्रशांतनं फोन काढला. नंबर पाठ होता तरी नाव शोधत बसला. ते 'ताई' म्हणून नव्हतं, 'आटगाव' म्हणून होतं, हे श्वेतानं पाहिलं. त्यानं स्पीकर लावला आणि फोन सतरंजीवर चार वाट्यांच्या मधे ठेवला. चार-पाचदा वाजला.

"जयभीम," पलीकडून आवाज आला. मागे कुणीतरी विटा उतरवत होतं. "आज कसा काय? एप्रिल नाय ना."

सुभेदारच पुढे झाले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, कशासाठी फोन केला ते सांगितलं, आणि मग साक्ष घेतात तसं एकेक विचारायला लागले. अकरा डिसेंबरला प्रशांत तुमच्याबरोबर होता का? होता. किती वाजता आटगावला आला? सकाळी, अंगावर वर्दी, ट्रंक डोक्यावर. तिथं राहिला का? पाणी पण प्यायला नाही, उभ्या उभ्या चल म्हणाला. मग कुठं निघालात?

"घरी," वंदना म्हणाली. "वैशाखऱ्याला."

"कशासाठी?"

"नाव ठेवायला."

"कुणाचं?"

पलीकडे विटांचा आवाज थांबला. "माज्या भाचीचं. सुभेदार, बारशाला आत्या लागते. मी नवी टोपडी घेतली होती, ती पण दवाखान्यातच राहिली."

गीताबाईंनी पदर तोंडाला लावला. बावीस वर्षांत त्यांनी लेकीचा आवाज ऐकला नव्हता. प्रशांत दर चौदा एप्रिलला फोन घेऊन परसात जायचा, आणि त्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या, पण तिथून काही ऐकू येत नसे.

श्वेता फोनजवळ सरकली. तिचं नाव तिच्या मामीनं ठेवलं होतं, घाईघाईत, बाप दवाखान्यात असताना, पाळणा न गाता. हे तिला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं आणि त्यात काही विशेष आहे असं तिला तोवर वाटलं नव्हतं.

"आत्या, मी श्वेता," ती म्हणाली. "तुम्ही माझं काय नाव ठेवणार होतात?"

फोन कट झाला की काय म्हणून मुकेशनं वाकून पाहिलं.

"ते कानात सांगायचं असतं गो," वंदना म्हणाली. "फोनवर नाय."

संगीतानं फोन उचलला. स्पीकर बंद केला नाही. तिनं विचारलं की किन्हवलीवरून येणारी दुपारची गाडी सरळगावला किती वाजता लागते. मग म्हणाली, "ताई, भावोजींना पण आणा. मी घ्यायला येते सरळगावला. ट्रंक असली तरी चालेल."

गीताबाईंनी चारही वाट्या गोळा केल्या, सुभेदारांच्या हातातला वालही मागून घेतला, आणि बिरडं दोन माणसांचं जास्त करायला उठल्या.